गुण्यात नसलेली खोली

३ मे २०२४, नारायण पेठ

रस्त्याकडची खोली मोजली. गुण्या लावून पाहिला तर चारांतले दोनच कोपरे काटकोनात. रस्त्याकडची भिंत १० फूट ४ इंच, आतली १३ फूट ६ इंच, दोन्हींमधलं अंतर १५ फूट ६ इंच. उजवी भिंत सरळ आहे, डावी साडेअकरा अंशांनी कललेली. भूमितीच्या पुस्तकातला समलंब चौकोन. वाडा पाडून इमारत बांधली तेव्हा शेजारचा बोळ जसा वाकडा होता तशीच भिंत उठली. पेठेत जागा सोडायला कोण तयार होणार?

आईच्या मते खोली गोमुखी आहे, पुढे निमुळती आणि मागे रुंद, म्हणजे शुभ. असेल. पण गोमुखी खोलीत प्रोजेक्टर कुठे टांगायचा हे वास्तुशास्त्रात दिलेलं नाही.

नकाशा काढायला बसल्यावर एकेक अडचण दिसू लागली. आतल्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात खांब, १४ इंच बाहेर आलेला. उजव्या टोकाला स्वयंपाकघराचं दार, चौकटीसकट साडेतीन फूट. स्लॅबखाली आडवा बीम, आतल्या भिंतीपासून पावणेअकरा फुटांवर. मधोमध छताचा पंखा. रस्त्याकडे पश्चिमेची खिडकी आणि तिच्यासमोर महापालिकेचा दिवा.

मुलीने आठवण करून दिली की १९१३ साली आजच्याच तारखेला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. मुहूर्त बरा म्हणायचा.

५ मे

पडदा कुठल्या भिंतीवर, यावर सकाळ गेली. रस्त्याकडची भिंत बायकोला पसंत, कारण तिकडे स्वयंपाकघरातून येता-जाता कोणी पडद्यासमोरून जाणार नाही. पण तिथे खिडकी आहे. खिडकीवर उतरणारा मोटरचा पडदा लावता येतो. मात्र दुपारी पडद्याच्या कडांनी आत शिरणारा उजेड थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत येणार. शिवाय ती भिंत अरुंद. तिरप्या भिंतीवर चित्र टाकायचा विषयच नाही. तेव्हा आतली भिंत.

तिची वजाबाकी अशी. १३ फूट ६ इंचांतून खांब गेला, दार गेलं. उरले ८ फूट १० इंच. १२० इंची पडद्याची रुंदी (हे १२० इंच कर्णाचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे) ८ फूट ९ इंचांच्या आसपास भरते. म्हणजे बसतो! मुलगी उडी मारणार एवढ्यात मी विचारलं, स्पीकर कुठे ठेवायचे? एक खांबात आणि एक दारात?

९२ इंची पडदा ८० इंच रुंद आणि ४५ इंच उंच. दोन्ही बाजूंना तेरा-तेरा इंच राहतात, त्यांत उभे स्पीकर मावतात. ९२ वर शिक्कामोर्तब. घरात नाराजी.

१० मे, अक्षय्य तृतीया

आज खरेदी व्हायलाच हवी असा आईचा आग्रह, म्हणून दुकानात गेलो. तिथे सगळा भर ल्युमेनवर. हा तीन हजारांचा, तो साडेतीन हजारांचा, दिवसासुद्धा चालतो. माझा प्रश्न एकच होता: थ्रो रेशो किती? विक्रेत्याने खोका उलटा करून वाचायला घेतला.

सगळी गणितं या एका आकड्यावर उभी आहेत. भिंग आणि पडदा यांमधलं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच तो आकडा. १.५ ते १.६५ रेशोच्या यंत्राला माझ्या ८० इंचांसाठी १२० ते १३२ इंच हवेत, म्हणजे दहा ते अकरा फूट. १.२ वाल्याला आठ फूट. आठ फुटांवर माझ्याकडे काय आहे? पंखा. मधोमध, पावणेआठ फुटांवर, चार फूट फेर असलेला. त्याची पाती भिंतीपासून पावणेदहा फुटांपर्यंत पोचतात. म्हणजे १.२ चं यंत्र पात्यांखाली जाणार आणि १.५ वालं पंखा संपल्यावर सुरू होणार. दुकानात जे यंत्र जास्त भारी म्हणून दाखवत होते ते माझ्या खोलीत टांगताच आलं नसतं.

भिंतीला चिकटून कपाटावर बसणारी अल्ट्रा शॉर्ट थ्रोची यंत्रंही पाहिली. रेशो ०.२५ च्या आसपास, म्हणजे भिंग पडद्यापासून वीस इंचांवर. छताला छिद्र नाही, पंख्याचा प्रश्न नाही. पण प्रकाश इतक्या तिरप्या कोनात वर चढतो की पडद्याला जराशी लाट आली तरी चित्रातल्या सरळ रेषा वळवळतात. त्याला तसाच कडक, सपाट पडदा लागतो आणि यंत्र केसभर हललं तरी चित्र हलतं. आमच्याकडे त्याच कपाटाशेजारून स्वयंपाकघरात दिवसाकाठी शंभर फेऱ्या. नको.

१.५ वाला घेतला. आईने खोक्यावर कुंकू लावलं.

१३ मे

पुण्याचं मतदान. प्रोजेक्टर बसवणारा फिटर येणार नव्हताच. बोटाला शाई लावून परतताना तळमजल्यावरच्या काकांकडे बसलो. काका एका सिनेमागृहात ऑपरेटर होते; कार्बनच्या कांड्या जाळायच्या काळापासून झेनॉन दिव्यांपर्यंत त्यांनी सगळं हाताळलंय. त्यांना खोलीचा नकाशा दाखवला.

ते म्हणाले, “सरळ थिएटर मी कधी बघितलंच नाही.” ऑपरेटरची केबिन बाल्कनीच्याही वर, तिथून प्रकाशाचा झोत खाली उतरणार. त्यामुळे चित्र खाली पसरायचं आणि वर आवळायचं. मग करायचं काय? फिल्मसमोर गेटमध्ये जी धातूची पट्टी असते, तिची खिडकी मुद्दाम थोडी लहान ठेवून यायची. ती कानशीने घासत बसायचं. थोडं घासायचं, पट्टी गेटमध्ये घालायची, पडद्यावर पांढरा चौकोन टाकून बघायचं, पुन्हा घासायचं. असं करत चौकोनाच्या कडा पडद्याच्या काळ्या किनारीत नेमक्या जाऊन बसेपर्यंत. प्रत्येक थिएटरची पट्टी वेगळी. एकीकडची दुसरीकडे चालायची नाही.

“पण काका, आतलं चित्र तर वाकडंच राहायचं?”

“राहायचं की. कडा सरळ असल्या की माणसाला कळत नाही.”

हे वाक्य मी लिहून घेतलं. पडद्याची काळी मखमली किनार मी शोभेची समजत होतो.

१६ मे

छताला हात लावण्याआधी आतल्या भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून ८० बाय ४५ इंचांचा आयत केला. पाणसळ लावून खालची कड ३४ इंचांवर धरली. मग भिंतीतल्या खिळ्याला सुतळी बांधून मागे मागे बसत गेलो.

आतापर्यंत आम्ही ‘खोलीचा मध्य’ म्हणत होतो तो आणि पडद्याचा मध्य वेगळे आहेत. पडद्याच्या डावीकडे खांब, उजवीकडे दार. म्हणून पडदा डावीकडे सरकतो. रस्त्याकडे जाताना मात्र डावी भिंत आत येते, म्हणून खोलीचा मध्य उजवीकडे सरकतो. पडद्यापासून साडेदहा फुटांवर या दोन मध्यांत सव्वादोन फुटांचा फरक पडतो. सोफा खोलीच्या मध्यावर ठेवला तर घर नीटनेटकं दिसतं आणि सिनेमा कडेने बघावा लागतो. पडद्याच्या मध्यावर ठेवला तर सोफा डाव्या भिंतीत घुसल्यासारखा वाटतो.

तीन जणांचा सोफा तिथे मावतच नाही. दोघांचा, पाच फुटी मावतो. तो पडद्याच्या मध्यरेषेवर, डोळे पडद्यापासून पावणेबारा फुटांवर येतील असा. तिथून पडदा साधारण ३२ अंशांत दिसतो. किमान तीस तरी हवेत असं सिनेमावाले म्हणतात, तेव्हा ९२ इंच कमी पडत नाहीत. उजवीकडे आरामखुर्ची, तिच्या पलीकडे दाराकडे जायची वाट. आरामखुर्ची कोणाची यावर अजून एकमत नाही.

२० मे

बीम इतके दिवस नडत होता, आज कामी आला. स्लॅबपासून प्रोजेक्टर लोंबवायचा तर अडीच फुटी पाइप लागला असता, आणि शेजारी पंखा. लांब पाइपवरचं यंत्र पंख्याच्या वाऱ्याने कणभर थरथरलं तरी दहा फुटांवर ती थरथर ढळढळीत दिसते. बीम चौदा इंच खाली उतरलेला आहे आणि यंत्राला हव्या असलेल्या अंतरापाशीच आहे. त्याला ब्रॅकेट ठोकला की पाइप निम्म्याने कमी.

फिटर बीमच्या पोटालाच ड्रिल लावायला निघाला. त्याला थांबवलं. बीमच्या तळाशी मुख्य सळया असतात, सगळा ताण त्याच घेतात. तिथे खोल छिद्रं पाडायची नसतात. इमारतीचं काम बघणाऱ्या इंजिनीअरना फोन केला. त्यांनी बीमच्या बाजूच्या अंगाला, उंचीच्या मध्याजवळ, कमी खोलीची दोन छिद्रं चालतील म्हणून सांगितलं. मग पडद्याकडच्या बाजूला एल आकाराची जाड पट्टी बसली. भिंग पडद्यापासून दहा फूट पाच इंचांवर.

२४ मे

आज खरी जुंपली. ब्रॅकेटला आडवी सरकपट्टी आहे, यंत्र डावी-उजवीकडे नेता येतं. फिटर म्हणाला, “दादा, हे छताच्या मधोमध घेऊ. असं कडेला वाईट दिसतं. यात ऑटो कीस्टोन आहे, कुठूनही टाका, चौकोन सरळ होतो.” बायकोचंही मत त्याच्याच बाजूने.

दोन्ही करून दाखवायला लावलं. यंत्र छताच्या मध्यावर नेलं आणि पडद्याकडे तोंड वळवलं. सव्वादोन फूट बाजूला म्हणजे बारा अंशांचा तिरपा झोत. पडद्याची डावी कड यंत्रापासून लांब पडली, म्हणून चित्र त्या बाजूला उंच झालं आणि उजवीकडे आखूड. कडांच्या उंचीत सहा-एक इंचांचा फरक. खोलीसारखाच समलंब चौकोन, फक्त आडवा. मग कीस्टोनचं बटण दाबलं आणि खरोखर चौकोन सरळ झाला. फिटर विजयी मुद्रेने बघू लागला.

मी मुलीला दिवे घालवून पूर्ण काळं चित्र लावायला सांगितलं. पडद्यावर सरळ चौकोन आणि त्याच्याबाहेर, किनारीवर आणि भिंतीवर, वाकडी राखाडी पाचर. कीस्टोनने झोत सरळ होत नाही. आतल्या चिपवर चित्र उलट वाकडं करून काढलं जातं, म्हणजे बाहेर ते सरळ दिसतं. चिपचा उरलेला भाग काळा ठेवतात, पण प्रोजेक्टरचा काळा म्हणजे अगदी फिका राखाडी उजेड, तो सांडतच राहतो. १९८७ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी ही चिप काढली. तिच्यावर सूक्ष्म आरसे असतात, माझ्या यंत्रात आडवे १९२० आणि उभे १०८०, आणि चित्र झपाट्याने किंचित सरकवत ते फोर-के भरतात. तिरप्या झोतात त्यांतले कितीतरी आरसे कामाविना राहतात. उरलेल्यांवर चित्र आवळून बसवलं की बारीक अक्षरांच्या कडा विरतात. श्रेयनामावली लावून दाखवली. बायको चष्मा काढून पुसू लागली. दोष चष्म्यात नव्हता.

काकांची कानस आणि हे बटण यांत मला काकांची कानस बरी वाटते. तिने कडा छाटल्या, चित्राला हात लावला नाही.

यंत्र पडद्याच्या मध्यरेषेवर आणलं, ओळंबा सोडून खात्री केली, भिंग पडद्याच्या वरच्या कडेपेक्षा जरा वर ठेवून यंत्र समपातळीत केलं आणि कीस्टोन शून्यावर. छताकडे बघितलं तर प्रोजेक्टर कडेला गेलाय. पडद्याकडे बघितलं तर सगळं सरळ. छताकडे बघत सिनेमा कोण बघतो?

२९ मे

अंधाराचा प्रश्न. दुकानातल्या ल्युमेनच्या गप्पा आता तपासता आल्या. ९२ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटरहून थोडं जास्त. सिनेमाच्या रंगांवर यंत्र हजार ल्युमेन देत असलं तरी साध्या पांढऱ्या पडद्यावर सव्वाशे निटच्या पुढे उजेड पडतो. थिएटरमधलं प्रमाण ४८ निट. म्हणजे उजेड भरपूर आहे, इको मोडवर चालवलं तरी पुरतो.

कमी पडतो तो काळेपणा. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे काळं हवं तिथे तो उजेड टाकत नाही, बस. मग तिथे खोलीत जो उजेड असेल तोच दिसतो. आणि आमच्या खोलीत चित्राचाच उजेड क्रीम रंगाच्या भिंतींवर आपटून परत येत होता. सर्वात मोठी गुन्हेगार तिरपी भिंत. तिचं तोंड थोडं पडद्याकडे वळलेलं आहे, त्यामुळे पडद्यावरचा उजेड ती थेट पडद्यालाच परत करते. रात्रीच्या प्रसंगात पडद्याचा डावा भाग धुरकट दिसायचा तो यामुळे.

रंगाऱ्याला पडद्याकडचे सहा फूट, म्हणजे तिरपी भिंत, खांब आणि छत, गडद राखाडी मॅट रंगात काढायला सांगितले. “गडद? घरात?” असं तो दोनदा म्हणाला. आईने तिसऱ्यांदा. खिडकीला ब्लॅकआउटचा पडदा, चौकटीच्या बाहेर दोन्ही बाजूंना वीतभर येईल असा. नाहीतर महापालिकेचा दिवा फटीतून डोकावतो. काम झाल्यावर तोच प्रसंग लावला. नवीन यंत्र आणल्याइतका फरक, आणि खर्च दोन डबे रंगाचा.

२ जून

खोली वाकडी असल्याचा फायदा आवाजात मिळाला. आतल्या झोपायच्या खोलीत टाळी वाजवली की समांतर भिंतींमध्ये ‘टर्रर्र’ होतं. इथे होत नाही. डावी-उजवी भिंत समांतर नाहीत, त्यामुळे आवाज त्याच दोन भिंतींत ये-जा करत बसत नाही. खर्जाला मात्र ही पळवाट नाही. रस्त्याकडची आणि आतली भिंत समांतरच आहेत, साडेपंधरा फुटांवर. ३६ हर्ट्झच्या आसपास खोली घुमतेच. सबवूफर खांबाच्या कोपऱ्यात ठेवला होता, तिथे घुमणं दुप्पट. म्हणून तो सोफ्यावर ठेवून वाजवला आणि मी जमिनीवर रांगत कुठे खर्ज सुटसुटीत ऐकू येतो ते शोधलं. शेजारचे आले तेव्हा मी दाराजवळ गुडघ्यांवर होतो.

डावा मागचा स्पीकर कानापासून तीन फुटांवर, उजवा आठ फुटांवर. आवाज फुटाला साधारण एक मिलिसेकंद घेतो, तेव्हा डाव्याला चार-पाच मिलिसेकंद थांबवायचं; हे रिसीव्हरने माइक लावून स्वतःच केलं. डाव्या तिरप्या भिंतीवरून आवाज लगेच परत कानाशी येत होता. तिथे मी पुस्तकांची मांडणी सरकवली. दिवाळी अंक वेगवेगळ्या आकारांचे असतात, त्यामुळे पृष्ठभाग आपोआप खडबडीत राहतो. अंक ठेवण्यावरून जे बोललं जायचं ते आता बंद.

९ जून

काल पावसाने झोडपलं, वीज दोनदा गेली. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये अशी वीज गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा थंड होऊ शकत नाही. म्हणून छोटा यूपीएस जोडून घेतला. एचडीएमआयची वायर बीमवरून, खांबाच्या कोपऱ्यातून कपाटापर्यंत दहा मीटर होते. एवढ्या लांबीला तांब्याची वायर फोर-केला दगा देते. फायबरची आणली. तिला दिशा असते, एक टोक रिसीव्हरचं आणि एक प्रोजेक्टरचं, ते पट्टीत बंद करण्याआधी बघितलं.

रात्री टी-२० विश्वचषकातला न्यूयॉर्कचा भारत-पाकिस्तान सामना. तिकडे सकाळ, इकडे रात्र, त्यामुळे पडद्यावर दिवसाचा उजेड. आपले सगळे ११९ मध्ये बाद झाल्यावर आई झोपायला गेली. सहा धावांनी जिंकल्याचं तिला सकाळी सांगू.

३० जून

काल रात्री विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला दोघांच्या सोफ्यावर चौघं, खाली सतरंजीवर उरलेली इमारत. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा पुतण्या उभा राहिला आणि पडद्यावर झेलाऐवजी त्याचं डोकं आलं. सहा फुटांपेक्षा उंच माणसांना यापुढे मागच्या भिंतीपाशी जागा.

आज सकाळी पहिल्या मजल्यावरचे काका टेप न घेता आले. त्यांची रस्त्याकडची खोलीही तशीच, खांबही त्याच कोपऱ्यात. त्यांना १२० इंची हवाय आणि ते उद्या दुकानात ॲडव्हान्स देणार आहेत. त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. पैसे देण्याआधी भिंत मोजा. तिच्यातून खांब वजा करा, दार वजा करा, दोन स्पीकरांची जागा वजा करा. उरेल तेवढाच तुमचा पडदा. त्याच्या रुंदीला यंत्राच्या थ्रो रेशोने गुणा, आणि जे अंतर येईल तिथे उभं राहून मान वर करून बघा. वर पंखा असेल तर दुसरं यंत्र मागा.